जुना स्नेअर ड्रम हाती आला तर त्याचं साल कसं काढायचं

जुना स्नेअर, म्हणजे खाली वायरी लावलेला ड्रम, हाती आला की बहुतेक लोक आधी बॅज, म्हणजे बाजूला लावलेली कंपनीच्या नावाची पट्टी, बघतात, त्यावरचा नंबर नेटवर टाकतात, कुठल्यातरी तक्त्यात एक साल दिसतं आणि मग "हा चौसष्टचा आहे" असं सगळ्यांना सांगायला सुरुवात होते. नवीन माणसाचं हे होणारच, कारण बॅज समोर असतो आणि बाकी सगळं आत लपलेलं असतं. पण एकटा बॅज कधीच पुरेसा नसतो. बॅज निघतो, बदलतो, आणि खुद्द कंपनीत सुद्धा तो कसाही लागलेला असतो. म्हणून एक नियम आधी डोक्यात पक्का करा, पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे: ड्रमवर जो सगळ्यात नवा मूळ पार्ट आहे, त्याच्या आधीचा तो ड्रम असू शकत नाही. यातला "मूळ" हा शब्द महत्त्वाचा. कुठला पार्ट कारखान्यातून आलाय आणि कुठला नंतर कोणी बसवलाय, हे ओळखणं हीच खरी मेहनत.

मी इथे मुख्य उदाहरण लुडविग या अमेरिकन ड्रम कंपनीचं घेतोय, शिकागोचं, साधारण १९६० ते १९८० मधलं, कारण जुन्या बाजारात सगळ्यात जास्त हेच ड्रम फिरतात आणि त्यांच्या खुणाही चांगल्या माहितीतल्या आहेत. बाकीच्या कंपन्यांबद्दल शेवटी थोडक्यात सांगतो.

सुरुवात करण्याआधी

लागणारं सामान घरातलंच आहे. ड्रम की, एक स्क्रू ड्रायव्हर, फ्रीजवरचा लोहचुंबक, मोजपट्टी, टॉर्च (फोनचा चालतो) आणि चार-पाच वाट्या. वाट्या कशाला, तर वरच्या बाजूचे टेन्शन रॉड (ड्रम कीने फिरवून हेड ताणायचे लांब स्क्रू) एका वाटीत, खालचे दुसऱ्या वाटीत, थ्रो-ऑफचे, म्हणजे वायरी चालू-बंद करायच्या खटक्याचे, स्क्रू तिसऱ्या वाटीत, असं वेगळं ठेवायचं. एकदा सगळं एकत्र झालं की कुठला वॉशर कुठला होता ते कळत नाही, आणि कधीकधी त्या वॉशरवरूनच कळतं की हा पार्ट नंतर बसवलाय.

आणि कृपा करून आधी साफ करायला बसू नका. धूळ, गंज, तेलाचा डाग, हे सगळे पुरावे आहेत. लगच्या (टेन्शन रॉड ज्यात बसतात ते ठोकळे) खाली शेलचा, म्हणजे ड्रमच्या गोल भिंतीचा, रंग वेगळा असतो, जुना थ्रो-ऑफ जिथे बसायचा तिथे त्याच्या आकाराची सावली राहिलेली असते, हे सगळं पुसलं की गेलं. पितळ दिसलं की आपला हात आपोआप पितांबरीकडे जातो, पण जुन्या ड्रमवर निकेलचा थर पातळ असतो, घासलात तर तो उडतो आणि परत येत नाही. आधी फोटो काढा. समोरून, मागून, प्रत्येक लगचा, बॅजचा जवळून.

माप आणि लग

व्यास मोजताना हूप म्हणजे वरची रिम धरून मोजू नका, हेड म्हणजे वाजवायचा पडदा काढल्यावर शेल मोजा. खोली मोजताना पण नुसत्या शेलची. बहुतेक स्नेअर १४ इंची, खोली ५, साडेपाच किंवा साडेसहा इंच. मग लग मोजा, ८ आहेत का १०. एवढ्यावरच मॉडेल बरंच कळतं. लुडविगचा १४ बाय ५ चा क्रोम केलेला धातूचा ड्रम, मधोमध गोल फिरलेला उंचवटा आणि १० लग, तर तो बहुतेक सुप्राफोनिक, मॉडेल ४००. साडेसहा इंची असेल तर ४०२. तसाच पण ८ लग आणि क्रोम नाही, घासलेल्या अॅल्युमिनियमचा मंद राखाडी फिनिश, तर तो अॅक्रोलाइट. अॅक्रोलाइट स्वस्तातला, शाळेच्या मुलांसाठी म्हणून विकला जायचा, म्हणूनच तो आजही खूप सापडतो, आणि वाजतो इतका सुंदर की नवीन माणसाने पहिला जुना स्नेअर घ्यायचा तर हाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. खालच्या वायरी शेलच्या बाहेर आल्यात आणि दोन्ही बाजूंनी मोठा ताणायचा सांगाडा दिसतोय, तर तो सुपर-सेन्सिटिव्ह.

शेल कशाचं आहे

लोहचुंबक लावा. चिकटला तर स्टील. नाही चिकटला तर पितळ किंवा अॅल्युमिनियम, आणि इथे बरेच लोक अडकतात कारण क्रोमखाली दोन्ही सारखेच दिसतात. वजनाने लगेच कळतं, पितळ अॅल्युमिनियमच्या तिप्पट जड असतं, हूप आणि लग काढून नुसतं शेल उचललं की हाताला फरक जाणवतोच. तरी शंका असेल तर नखाने टिचकी मारा. आपल्याला हे शिकवायला लागत नाही, पितळी तांब्या आणि अॅल्युमिनियमचं पातेलं यांचा आवाज लहानपणापासून कानात आहे, तोच फरक इथे आहे. तिसरी खूण क्रोमची. अॅल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही, काही वर्षांनी बारीक पुरळ आल्यासारखे फोड येतात, हात फिरवला तर खरखरीत लागतं, पुढे पापुद्रे निघतात. सुप्राफोनिकला हे इतकं होतं की फोड दिसले तर घाबरू नका, तो उलट ओळखीचाच भाग आहे. पितळेवरचा क्रोम सहसा असा फुटत नाही, आणि बॅजच्या भोकाच्या कडेला किंवा खालच्या कडेवर ओरखडा असेल तर तिथे पिवळं दिसतं.

आता याचा सालाशी काय संबंध? तर लुडविगने सुरुवातीला, १९६० पासून साधारण १९६३ पर्यंत, हा ड्रम पितळी शेलवर केला आणि मग अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूवर गेले, त्याला ते लुडालॉय म्हणायचे. म्हणजे पितळी सुप्राफोनिक आणि त्यावर नंबर नसलेला बॅज, हे एकमेकांशी जुळतं. अॅल्युमिनियमचं शेल आणि नंबर नसलेला बॅज असेल तर जरा थांबायचं, एकतर तो बदलाच्या काळातला आहे किंवा बॅज दुसरीकडून आलाय. उलट नुसतं पितळ दिसलं म्हणजे ६० च्या सुरुवातीचा असंही नाही, १९७७ मध्ये लुडविगने ब्लॅक ब्यूटी हे मॉडेल परत आणलं ते पितळीच होतं.

बॅज

आता या बॅजकडे. लुडविगचा सगळ्यात प्रसिद्ध बॅज म्हणजे कीस्टोन, कमानीच्या मधल्या दगडाच्या आकाराचा, वर रुंद खाली निमुळता. हा साधारण १९६० ला आला. सुरुवातीच्या कीस्टोनवर नंबर नाही. १९६३ च्या अखेरीस, ६४ च्या सुरुवातीला नंबर यायला लागले. म्हणजे नंबरवाला कीस्टोन दाखवून कोणी "बासष्टचा आहे" म्हणालं तर तिथेच नाही म्हणा. कीस्टोन १९६९ च्या आसपास संपला आणि मग निळ्या-ऑलिव्ह रंगाचा बॅज आला. त्याचे कोपरे टोकदार असतील तर ७० चं दशक, कोपरे गोल असतील तर साधारण १९७९ ते १९८४. कंपनी १९८१ मध्ये सेल्मर या वाद्यं करणाऱ्या कंपनीकडे गेली आणि नंतर कारखाना शिकागोतून नॉर्थ कॅरोलायनातल्या मन्रोला हलला.

कीस्टोनच्या आधीच्या बॅजवर डब्ल्यूएफएल ही अक्षरं दिसली तर गोंधळू नका, ही पण लुडविगच. विल्यम लुडविग आणि त्याचा भाऊ थिओबाल्ड यांनी १९०९ मध्ये शिकागोत लुडविग अँड लुडविग काढली, ती पुढे कॉन कंपनीला विकली गेली, मग विल्यमने १९३७ मध्ये स्वतःच्या नावाच्या अक्षरांची नवी कंपनी काढली आणि १९५५ मध्ये लुडविग हे नाव परत विकत घेतलं. त्यामुळे ३० च्या अखेरीपासून ५० च्या मध्यापर्यंत विल्यमच्या कारखान्यातले ड्रम डब्ल्यूएफएल नावाने मिळतात, आणि नंतरच्या चार-पाच वर्षांच्या बॅजवर दोन्ही नावं दिसतात.

नंबरबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. कारखान्यात नंबर छापलेले बॅज ओळीने ड्रमला लागत नव्हते, पेटीत पडलेले असायचे आणि कामगार हाताला येईल तो लावायचा. त्यातून ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर दिसले, त्यांचा ड्रमर रिंगो याच्या बेस ड्रमवर लुडविगचं नाव सगळ्यांनी वाचलं, आणि मागणी इतकी वाढली की कारखाना दिवसरात्र चालवावा लागला. अशा धांदलीत नंबरांचा हिशोब कोण ठेवणार? म्हणून नंबरवरून वर्ष-दोन वर्षांचा अंदाज निघतो, तारीख नाही. आणि हो, कीस्टोन आकाराचा बॅज कंपनी आजही काही मॉडेलवर लावते, तेव्हा नुसता आकार बघून भुलू नका.

आत बघा

लाकडी ड्रम असेल तर खरं उत्तर आत आहे, आणि इथे घाई करू नका, कारण माझ्या मते सगळ्यात मजा इथेच आहे. वरचं हेड काढा, खिडकीजवळ बसा, मग टॉर्च सरळ न मारता शेलच्या आतल्या भिंतीला चिकटवून आडवा धरा. लुडविगच्या लाकडी शेलच्या आतला रंग काळानुसार बदलत गेला. ६० च्या अगदी सुरुवातीपर्यंत पांढरा, मग साधारण १९६२ पासून ६८ पर्यंत राखाडीवर बारीक ठिपके, आणि ६८ च्या आसपासपासून रंगच नाही, मेपलचं नैसर्गिक लाकूड आणि त्यावर पारदर्शक वॉर्निश. वर-खाली कडेला लाकडी रिंग असेल तर शेल तीन प्लायचं, म्हणजे लाकडाच्या तीन थरांचं. ७० च्या मध्यानंतर सहा प्लायचं शेल आलं आणि रिंग गेल्या.

याशिवाय ६० च्या दशकातल्या कित्येक लाकडी शेलमध्ये तारखेचा शिक्का असतो, बहुतेक लाल शाईचा, आपल्याकडे सरकारी ऑफिसात असतो तसा रबरी. तो कधी उलटा असतो, कधी अर्धाच उमटलेला, कधी मफलरच्या, म्हणजे आवाज दाबायच्या आतल्या पॅडच्या, मागे लपलेला.

माझ्याकडे लुडविगचा साडेपाच इंची जाझ फेस्टिव्हल आहे, रिंगोकडे होता तेच मॉडेल. ज्याने विकला तो अगदी मनापासून म्हणत होता की हा १९६३ चा आहे, त्याच्या काकांनी त्याला तसंच सांगितलं होतं. बॅज कीस्टोन, पण नंबरवाला, म्हणजे ६३ ची शक्यता तिथेच जवळजवळ संपली. घरी आणून हेड काढलं तर आत राखाडी ठिपके नाहीतच, स्वच्छ मेपल. म्हणजे ६८ किंवा पुढे. मग टॉर्च आडवा धरून हळूहळू फिरवत गेलो, थ्रो-ऑफच्या स्क्रूच्या बाजूला काहीतरी गुलाबीसर दिसलं, नुसत्या डोळ्यांना डागच वाटला. फोनने फोटो काढून लाल रंग वाढवला तर महिन्याची तीन अक्षरं अस्पष्ट आणि त्यापुढे १९६९ स्पष्ट. बॅज, रंग आणि शिक्का तिन्ही एकाच ठिकाणी आले. असं जुळतं ना तेव्हा जो आनंद होतो तो मला शब्दात सांगता येणार नाही, पन्नास वर्षांपूर्वी शिकागोत एका माणसाने तो शिक्का दाबला आणि आज तो माझ्या टेबलावर वाचता येतोय.

शिक्का लाकडावर पडलेला असतो हे लक्षात ठेवा. ड्रम पूर्ण होऊन बाहेर पडायला त्यानंतरही वेळ लागायचा, म्हणून शिक्क्याच्या आधीचा तो ड्रम नाही एवढं पक्कं, नंतर किती दिवसांनी ते नाही.

सुटे पार्ट आणि भोकं

थ्रो-ऑफ हा सगळ्यात जास्त तुटणारा पार्ट आणि म्हणूनच सगळ्यात जास्त बदलला जाणारा. ६० च्या सुप्राफोनिकवर पी ८३ नावाचा असतो, ७० च्या दशकात पी ८५. बॅज ६५ चा वाटतोय आणि थ्रो-ऑफ पी ८५ असेल तर तो बदललेला असण्याची शक्यता मोठी. नक्की करायचं तर खोलून मागे बघा. भोकाच्या कडा तुलनेने चकचकीत आहेत का, हाताच्या ड्रिलने केल्यासारख्या ओबडधोबड आहेत का, जवळ बुजवलेलं दुसरं भोक आहे का, आणि शेलवर पडलेली सावली आताच्या पार्टच्या आकाराशी जुळते का. कारखान्यातलं भोक स्वच्छ असतं आणि त्याच्या आत पण तेवढीच जुनी काळपट धूळ असते जेवढी बाजूच्या शेलवर.

हूपला परत लोहचुंबक लावा. ६० च्या सुरुवातीच्या लुडविगवर पितळी हूप होते, मग स्टीलचे आले. पण हूप वाकतात, हरवतात, बदलतात, म्हणून फक्त हूपवरून निकाल देऊ नका. हेड आणि वायरी तर सालासाठी धरूच नका, त्या झिजून बदलायच्याच वस्तू आहेत.

शेलवर प्लास्टिकचा रॅप, म्हणजे रंगीत आवरण, असेल तर त्याचा रंगही सांगतो. सायकेडेलिक रेड, मॉड ऑरेंज असे भडक रंग ६० च्या अगदी शेवटी आले. रॅपचा जोड कुठे आहे ते शोधा आणि एक लग सोडवून त्याच्याखाली बघा. बॅज शेलला ग्रोमेटने म्हणजे छोट्या धातूच्या नळीने अडकवलेला असतो, तिचं आतलं तोंड फाटल्यासारखं किंवा नव्याने ठोकल्यासारखं दिसलं तर बॅज कधीतरी निघालाय, आणि रॅप नवीन असण्याची शक्यता आहे.

लगचे स्क्रू परत बसवताना ताकद लावू नका. अमेरिकन ड्रमचे आटे आणि इंग्लंडच्या जुन्या ड्रमचे आटे वेगळे असतात, जबरदस्ती केली की आटे गेले.

बाकीच्या कंपन्या, पटकन

ग्रेच: गोल बॅज असेल तर १९७१ च्या आधीचा, अष्टकोनी असेल तर ७० चं दशक. आतून चंदेरी रंग, आणि ६० च्या दशकापासून आत कागदाचं लेबल. जाड ओतीव हूप ही त्यांची सवयच.

रॉजर्स: बॅजवर ओहायोतलं कव्हिंग्टन असेल तर जुना, सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने ती १९६६ मध्ये घेतल्यावर कॅलिफोर्नियातलं फुलर्टन आलं. ६४ च्या आधीचे लग पातळ पितळी पत्र्याचे, त्यांना चिरा पडतात, आणि ती चीर शोधायला भिंग घेऊन बसा कारण घेण्याआधी हे कळायलाच पाहिजे.

स्लिंगरलँड: बॅजवर शिकागो म्हणजे जुना, नाइल्स म्हणजे ६० च्या दशकापासून पुढचा. त्यांचं रेडिओ किंग हे मॉडेल असेल तर आतून नीट बघा, एकाच अखंड मेपलच्या फळीला वाफेवर वाकवून केलेलं शेल आहे का, जोड एकच तिरपा दिसतो का.

लग, हूप सगळंच लाकडी दिसलं तर चक्रावू नका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने वाद्यांमध्ये धातू १० टक्क्यांवर आणला होता, त्या काळात कंपन्यांनी लाकडी लगचे ड्रम केले. हे ओळखायला सगळ्यात सोपे. त्याहून जुने, २० च्या दशकातले, बहुतेक निकेल केलेले असतात. निकेलला किंचित पिवळसर उबदार झाक असते, क्रोमला निळसर. हेड तेव्हा चामड्याचे होते, प्लास्टिकचे हेड १९५० च्या उत्तरार्धात आले. पावसाळ्यात तबल्याचं काय होतं ते ज्याने अनुभवलंय त्याला चामड्याच्या स्नेअरवाल्याचं दुःख वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे, म्हणजे मुंबई-गोव्यात, जुन्या घरांतून अमेरिकनपेक्षा इंग्लंडच्या प्रीमियरची शक्यता जास्त धरा. हॉटेलच्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवणाऱ्या गोंयकार वादकांच्या घरात असे ड्रम माळ्यावर असतात. वांद्र्याला एका मित्राच्या आजोबांचा असाच निघाला. आम्ही नवीन १४ इंची हेड आणलं तर ते बसेचना, अर्धा तास दाबत बसलो, शेवटी शेल मोजलं तर १४ पेक्षा किंचित मोठं. साधारण १९६८ च्या आधी प्रीमियरची मापं आंतरराष्ट्रीय मापांपेक्षा जराशी मोठी होती, म्हणजे हेड न बसणं हाच सालाचा पुरावा निघाला. मिरवणुकीच्या बँडवाल्यांकडचे बरेचसे साइड ड्रम मात्र मेरठचे असतात, त्यांच्यावर इंग्लिश दिसणारं काही कोरलेलं असलं तरी. आणि बॅजचा आकार ओळखीचा पण नाव कधी न ऐकलेलं असेल तर ६०-७० च्या दशकातला जपानी असू शकतो, तेव्हा तिथले कारखाने वेगवेगळ्या नावांनी ड्रम करून अमेरिकेत पाठवायचे, लगचे आकारही अमेरिकन ड्रमसारखेच करायचे.

लिहून ठेवा

आता कागद घ्या आणि प्रत्येक खुणेपुढे तिचा काळ लिहा. बॅज: ६४ ते ६९. आतला रंग: ६८ नंतर. शिक्का: ६९. थ्रो-ऑफ: मूळचा वाटतोय, भोकं स्वच्छ. जिथे सगळे काळ एकमेकांवर येतात ते तुमचं उत्तर. एखादीच खूण बाहेर पडत असेल तर तो पार्ट बदललाय का ते परत तपासा. दोन-तीन खुणा बाहेर पडत असतील तर ड्रम दोन ड्रमचे पार्ट जोडून केलेला असू शकतो, तो वाजवायला उत्तम असेल पण मूळ म्हणून त्याचे पैसे देऊ नका. विकताना पण, एखादा पार्ट बदललेला असेल तर "६८-६९ चा, थ्रो-ऑफ नंतरचा" असंच लिहा, समोरचा माणूस तुमच्याच शब्दावर घेणार आहे.

मग वाट्यांतून एकेक पार्ट परत जागेवर, टेन्शन रॉडला थेंबभर तेल, समोरासमोरचे रॉड जोडीने ताणत जायचं. तो कागद घडी करून केसच्या खिशात ठेवा, शेलच्या आत चिकटवू नका, टेपचा गोंद शिक्क्यावर बसला तर पुढच्या माणसाला तो वाचता येणार नाही.